टेनिसपटूची मजुरी

टेनिस म्हटले की विम्बल्डनची हिरवळ आणि विजेत्याच्या हातातील चषक डोळ्यांपुढे येतो. त्या हिरवळीपर्यंत कधीच न पोचणारे शेकडो खेळाडूही हाच खेळ पोटासाठी खेळतात. त्यांचा हिशेब आज आम्हांस मांडावयाचा आहे.

श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णा यांच्यासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. तोवर एकेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरांत त्या कधी आल्या नव्हत्या. अशा खेळाडूंची भिस्त लहान स्पर्धांवर असते. सर्वांत खालच्या स्पर्धेत सर्वांना मिळून बक्षीस १५,००० डॉलर. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात. विमानभाडे, मुक्काम, प्रशिक्षकाचा पगार ज्याचा त्याने भरावयाचा. क्रमवारी मागील ५२ आठवड्यांच्या गुणांवर ठरते; दुखापतीने घरी बसावे, तर जुने गुण गळत जातात.

आमच्या गडचिरोलीत तेंदूपाने तोडणाऱ्यालाही कामाप्रमाणेच मजुरी मिळते. पण शेकडा पुड्यांचा दर त्याला रानात जाण्यापूर्वी ठाऊक असतो. टेनिसपटूला आपली मजुरी हरल्यावर कळते.

२०२३ मध्ये सुमित नागल एकेरीत देशात पहिले होते. महा टेनिस फाउंडेशनचे साहाय्य असूनही बँकेत ९०० युरोच उरल्याचे त्यांनी सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेत त्यांनी मानांकित बुब्लिक यांना हरविले आणि दुसऱ्या फेरीचे १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळविले. चार महिन्यांत त्यांचे कौशल्य काही दुप्पट झाले नव्हते. एका सामन्याने बरकत येते, तशीच एका सामन्याने ती जाते. अशा धंद्यात श्रीमंताचा मुलगा टिकतो. गरिबाचा गुणी मुलगा मध्येच रॅकेट खाली ठेवतो.

यावर उपाय नाही असे नाही. १९७३ साली एका सहकाऱ्यावरील बंदीच्या निषेधार्थ ८१ खेळाडूंनी विम्बल्डनवर बहिष्कार घातला होता. त्याच खेळाडूंची एटीपी ही संघटना आज पुरुषांच्या स्पर्धाही चालविते. तिने २०२४ पासून एकेरीतील पहिल्या २५० पुरुषांना वार्षिक किमान उत्पन्नाची हमी दिली. २०२४ मध्ये शेवटच्या गटाला ही हमी ७५,००० डॉलरची होती. कमाई कमी पडली, तर उरलेली रक्कम संघटना भरते.

पण २५१ व्या क्रमांकाचे काय? किमान वेतनाची रेघ ओढली जाते, तेव्हा तिच्या खाली कोण राहिले हे पाहणे संघटनेचे पहिले काम होय. कारखान्यात हे खरे आहे, तसे मैदानावरही आहे.