का आणि कसं? : दिवसाचे दिवे आपोआप कसे लागतात?

भर उन्हात समोरून येणाऱ्या गाडीच्या नाकाशी पांढऱ्या पट्ट्या पेटलेल्या असतात. त्या रस्ता उजळायला नव्हेत, गाडी लांबून दिसावी म्हणून. स्वीडनने असे दिवे १९७७ मध्येच सक्तीचे केले.

जुन्या गाडीला ते बाहेरून बसवता येतात; पण सरळ बॅटरीला जोडले तर उभ्या गाडीतही जळत राहतील आणि एखाद्या सकाळी स्टार्टर नुसता कुरकुरेल. म्हणून मध्ये रिले येतो. किल्ली फिरवल्यावर येणारी बारीकशी वीज रिलेतल्या तारेच्या वेटोळ्याचं लोहचुंबक करते, चुंबक पत्री खेचतं आणि बॅटरीकडून दिव्यांकडे जाणारी वाट जुळते. पाटकरी दांडा फिरवतो नि कालव्याचं पाणी सुटतं, तसंच. पाणी काही त्याच्या हातातून वाहत नाही.

याहून गमतीची युक्ती म्हणजे व्होल्टेज ओळखणारी डबी. बंद गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्टवर असते; इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर ते चौदाच्या आसपास नेतो. डबी तेवढ्यावरूनच ओळखते, किल्लीची तार शोधायलाच नको. मात्र काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला अधूनमधून जोर कमी करतो आणि दिवे उगाच विझतात. तिथे मला रिलेच बरा वाटतो.

फ्यूज मात्र बॅटरीला अगदी खेटून हवा. तार पुढे कुठेही घासून बॉडीला टेकली, तरी आधी फ्यूज उडेल.