मार्च एंडिंग आणि टीमवरचा ताण

परवा सहकारी बँकेत शाखाधिकारी असलेल्या मैत्रिणीने विचारलं, "मार्चमध्ये काम काही कमी होणार नाही. मग स्टाफचा ताण कमी करू तरी कसा?"

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार इथे फार उपयोगी पडतो. काम भरपूर आणि ते कसं करायचं हे मात्र आपल्या हातात नाही, अशा ठिकाणी ताण सर्वात जास्त होतो.

म्हणजे काम कमी करता आलं नाही, तरी मोकळीक देता येते. आधी कोणतं काम उरकायचं, उशिरा कोण थांबणार, जेवायला कधी उठायचं हे स्टाफलाच ठरवू द्या. माझ्या टीममध्ये एवढ्यानेच चिडचिड बरीच उतरली.

मात्र दोन वरिष्ठांनी एकाच माणसाला दोन 'अर्जंट' कामं दिली, तर आधी कोणतं करायचं हे मॅनेजरनेच मिटवायचं. माझ्या मते ही त्याची सर्वात मोठी जबाबदारी आहे.

एरवी बोलका माणूस गप्प झाला, साध्या नोंदी चुकू लागल्या, तर चारचौघांत विचारू नका. बाजूला बसवून विचारा, "कामात नेमकं काय अडतंय?"

ताण घालवायला योगशिबिरं जरूर घ्या, पण आधी हे सगळं करून मग.

तुमच्या ऑफिसात काय अडचण आहे? कमेंटमध्ये लिहा, जमेल तसं उत्तर देते.