टायरच्या पोटातला दाखला

नगर–जामखेड रस्त्यावर, कड्यात माझं पंक्चरचं दुकान आहे. टायर हातात आला की मी आधी बाजूवरचे चार आकडे बघतो. 3522 म्हणजे 2022 सालचा पस्तिसावा आठवडा. पण तो किती वेळा रबराचा नवा थर चढवून रिमोल्ड झाला, कुणाकुणाच्या गाडीला फिरला, हे त्यावरून कळत नाही.

आता काही कंपन्या टायर बनतानाच रबरात आरएफआयडी चिप घालतात. काचेवरचा फास्टॅग ज्या तंत्रावर चालतो, तेच हे तंत्र. चिपला बॅटरी लागत नाही. रीडर जवळ नेला की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. कारखाना, गोदाम, गाडी, रिमोल्ड, भंगार, प्रत्येक टप्प्याची नोंद त्या क्रमांकापुढे ठेवता येते. टायर घडवतानाच्या भट्टीतल्या उष्णतेतही ती टिकते.

आमच्या आष्टी तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टायरगाड्यांना जुनेच टायर लागतात. माणसं, बैलं, संसार सगळं त्या टायरच्या भरवशावर असतं. त्या टायरचा पूर्वेतिहास कळायलाच हवा.

जुलै 2022च्या केंद्राच्या नियमांनी जुन्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तेल काढण्यासाठी परदेशातून टाकाऊ टायर आणायलाही बंदी घातली. मात्र तो हिशोब वजनावर चालतो, एकेका टायरवर नाही. माझ्या मते चिप सक्तीची करावी.

तोवर एवढं करा: जुना टायर होळीत किंवा रास्ता रोकोत जाळू नका, परवानाधारक भंगारवाल्यालाच द्या.