ताप अंगावर काढू नका, रक्तातील पेशी मोजून घ्या



पिकाला खत देण्याआधी माती तपासून घ्या, असे मी गेली तीस वर्षे गावोगाव सांगत आलो. आता बरेच जण तपासतात. पण स्वतःच्या अंगात ताप-खोकला आला, की हाच शहाणा शेतकरी दुकानातून गोळी आणतो आणि पुन्हा रानात जातो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या थोरल्या भावाने हेच केले. कांद्याची काढणी चालू होती. "कष्टाचा ताप आहे, उतरेल," म्हणाला. तिसऱ्या दिवशी वहिनींनी हट्टाने दवाखान्यात नेले. रक्त तपासले, तर एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी ४,००० आणि त्यांत लिम्फोसाइट १५ टक्के. म्हणजे अवघ्या ६००. मोठ्या माणसात त्या साधारण १,००० ते ४,००० असतात. डॉक्टरांनी त्याच दिवशी नाकातील स्राव तपासणीला पाठवला. करोना निघाला. पुढे ऑक्सिजन ९० वर उतरला, तेव्हा दादा घरी नव्हता, दवाखान्यात होता. म्हणूनच आज तो बांधावर उभा आहे.

या तपासणीला सी.बी.सी. किंवा हिमोग्राम म्हणतात. पांढऱ्या पेशी हे शरीराचे राखणदार. मोठ्या माणसात त्या एकूण सुमारे ४,००० ते ११,००० असतात. जिवाणूंमुळे न्यूमोनिया झाला, तर बहुधा त्यांतील न्यूट्रोफिल वाढतात. फ्लू, करोना अशा विषाणूंच्या आजारात एकूण पेशी पुष्कळदा वाढत नाहीत. उलट लिम्फोसाइट पहिल्या काही दिवसांतच घटू शकतात. हा इशारा वेळेवर मिळाला, की पुढची तपासणी लवकर होते. शिवाय अळीवर बुरशीनाशक मारून जसा उपयोग नाही, तसा विषाणूवर अँटिबायोटिकचा नाही. तो खर्चही वाचतो.

मात्र हा इशाराच आहे, निकाल नव्हे. विषाणू कोणता, हे पेशींवरून कळत नाही. त्यासाठी नाका-घशातील स्रावच तपासावा लागतो. आकडे चांगले आले म्हणजे आजार नाही, असेही समजू नये. लहान मुलांत लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात. स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा गोळी घेतली असेल, तरी आकडे बदलतात. म्हणून आधी काय काय घेतले, ते डॉक्टरांपासून लपवू नका.

जुना रिपोर्ट सातबाऱ्यासारखा जपून ठेवा. एका आकड्यापेक्षा आधीचा आणि आताचा आकडा शेजारी ठेवला, की डॉक्टरांना जास्त कळते. तपासणीची सोय कोठे आहे, ते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारा. आणि धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर रिपोर्टची वाट पाहत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

काढणी दोन दिवस थांबली तर चालते. घरचा माणूस गेला, तर त्याची भरपाई कोणत्याच हंगामात होत नाही.