शाळा चालवणारी कंपनी

अमेरिकेत एडिसन कंपनी सरकारी शाळा कंत्राटावर चालवत असे. शाळा सुधारू आणि नफाही कमवू, हा तिचा दावा. २००२ मध्ये फिलाडेल्फियातील २० शाळा तिच्या हवाली झाल्या. पण शाळेचा मोठा खर्च शिक्षकांच्या पगाराचा. नफा काढायचा तर कात्री तिथेच लागते. विरोध वाढला. २००१ मध्ये सुमारे ३८ डॉलरचा शेअर वर्ष-दीड वर्षात एका डॉलरखाली आला. २००८ मध्ये काही शाळा शहराने परतही घेतल्या.

आम्ही शिक्षक पालकांना एवढेच सांगू : नगरपालिकेच्या उर्दू-मराठी शाळांतील व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा आपल्याच आहेत. बैठकीला जा, हिशेब विचारा. आपण शाळा सांभाळली नाही, तर सांभाळायला उद्या कंपनी येईल.