आखाड्याच्या उंबरठ्यावर

मुलाला ज्यूदो किंवा कराटे शिकावयास पाठवावे असा विषय घरात निघाला, की वडीलधारी मंडळी दोन शंका काढतात. पहिली, पोर भांडखोर होईल. दुसरी, परक्या गुरूपुढे परक्या रीतीने मान का वाकवावी? या शंका केवळ आपल्या बेटावरच्या नाहीत. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराच्या ईशान्येस बॉथेल नावाचे गाव आहे. नोकरीनिमित्त गेलेली अनेक भारतीय कुटुंबे त्या भागात राहतात. शाळा सुटल्यावर मुलाला अशा वर्गात घालताना त्यांनाही हेच प्रश्न पडणे साहजिक आहे.

हा मुलूख या विद्यांना नवा नाही. ज्याच्या चित्रपटांनी जगभरच्या मुलांना वेड लावले, तो ब्रूस ली १९६० च्या सुमारास सिअ‍ॅटलमध्येच कुंगफू शिकवीत असे. १९७३ साली तो वारला आणि त्याच शहरात त्याची समाधी आहे. परंतु चित्रपटात लाथा दिसतात, वर्गातील शिस्त दिसत नाही. नव्या विद्यार्थ्याचा पहिला धडा मात्र शिस्तीचाच असतो.

जपानी पद्धतीच्या वर्गात पायताण दाराबाहेर, नीट जोडीने ठेवावयाचे. आत पाऊल टाकताना वाकून नमस्कार करावयाचा. शिक्षकाला नावाने हाक मारावयाची नाही, ‘सेन्सेई’ म्हणावयाचे. वेळेआधी यावयाचे. उशीर झालाच तर कडेला थांबून परवानगी मिळाल्यावरच आत जावयाचे. पोशाख धुतलेला, नखे कापलेली आणि अंगावर साखळी, कडे, अंगठी काही नाही. अंगावर खरूज-नायटा किंवा ताप असेल तर त्या दिवशी घरीच राहावयाचे.

हे नियम दिसतात मानापानाचे, पण त्यांतील बहुतेकांचे मूळ जोडीदाराच्या जिवाच्या काळजीत आहे. वाढलेले नख दुसऱ्याच्या डोळ्याला लागते. अंगठीत बोट अडकले तर मोडते. बूट घालून गादीवर आलेल्याची घाण दुसऱ्याच्या तोंडाला लागते. म्हणूनच ज्यूदोत फेकणे शिकविण्याआधी पडणे शिकवितात. आणि जोडीदाराने हाताने दोनदा थोपटले, की पकड त्याच क्षणी सोडावयाची. त्यात हार-जीत पाहावयाची नाही. ज्याला हे पाळता येत नाही त्याच्या हाती डाव देणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

आता आपल्या पूर्वजांच्या मुलखाकडे पाहू. कोल्हापुरात गंगावेश, मोतीबाग यांसारख्या नामांकित तालमी आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला मोठा आश्रय दिला आणि खासबागेत भव्य मैदान बांधविले. तालमीत चपला बाहेरच राहतात. मारुतीरायाला नमस्कार करून, माती कपाळाला लावून मगच पैलवान हौद्यात उतरतो. त्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मिसळलेले असते. नव्या पोराच्या वाट्याला आधी डाव नाहीत; फावड्याने माती उकरणे आणि जोर-बैठका काढणे, हेच येते. वस्तादांचा शब्द शेवटचा. कुस्तीला आरंभ होतो तोही सलामीने. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव याच परंपरेतून वर आले आणि १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळविले.

मग सेन्सेईपुढे वाकणे परके कसे? ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोकियोत आपली शाळा काढली. परस्परांचे कल्याण हे त्यांनी आपल्या विद्येचे एक मुख्य तत्त्व मानले. तेथील नमस्कार म्हणजे देवपूजा नव्हे. तुझे शरीर तू माझ्या हवाली केले आहेस, त्याचे मी भान ठेवीन, असे ते मुके वचन आहे. तरीही एखाद्या घराला वाकणे धर्माच्या दृष्टीने अवघड वाटत असेल, तर पहिल्याच दिवशी शिक्षकाशी मोकळेपणाने बोलावे.

एक गोष्ट मात्र आईबापांनी विसरू नये. आदर म्हणजे आंधळेपणा नव्हे. ज्या वर्गात पालकांना बसून पाहू देत नाहीत, जेथे लहान मुलाला दुखापत असताना खेळावयास लावतात किंवा ‘नको’ म्हटल्यावर हिणवितात, तेथून मुलाला निमूटपणे काढून घ्यावे. मुलाने घरी येऊन काही सांगितले तर ‘गुरूविषयी असे बोलू नये’ म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. चांगल्या गुरूला प्रश्नाची भीती नसते.

उलट, वर्ग चांगला असेल तर आपणही रीत पाळावी. बाकावरून ‘मार, उचल त्याला’ असे ओरडू नये. शेजाऱ्याच्या मुलाला पिवळा पट्टा मिळाला, तुला का नाही, असे विचारू नये. पांढऱ्या पट्ट्याचे दिवस हे पाया घालण्याचे दिवस असतात; तेव्हा घाई केली की भिंत कच्ची राहते.

भांडखोरपणाची शंका राहिली. तिचे उत्तर दारातच मिळते. ज्या पोराला आपले बूट नीट ठेवण्याची, दुसऱ्याने थोपटताच हात सोडण्याची सवय लागली, ते रस्त्यावर उगाच हात उगारणार नाही. ती सवय लागली की नाही, हे आईबापांनी घरी पाहावे. मुलगा किती उंच लाथ मारतो हे विचारण्याआधी, तो धाकट्या बहिणीशी कसा वागतो ते पाहावे.