एका सेकंदाची चाळीस मिनिटं

२०१३ साली जपानमधल्या कोबे शहरात ‘के’ नावाच्या महासंगणकाला एक सेकंद पुढे सरकायला चाळीस मिनिटं लागली. सेकंद खोट्या चेतापेशींचा होता, मिनिटं खरी. ‘नेस्ट’ हे मेंदूच्या जाळ्यांचं सोंग वठवणारं सॉफ्टवेअर ८२,९४४ प्रोसेसरांवर एकाच वेळी चालत होतं. जाळ्यात पेशी १७३ कोटी आणि त्यांच्यातल्या जोडण्या १०.४ लाख कोटी. सेकंदाला एक या वेगाने या जोडण्या मोजायला बसलात, तर सव्वातीन लाख वर्षं उठायची सोय नाही. माणसाच्या डोक्यात पेशी सुमारे ८,६०० कोटी असतात. म्हणजे एवढा खटाटोप दोन टक्क्यांचा.

शिवाय हे जाळं कसलाही विचार करत नव्हतं. जोडण्या यदृच्छेने टाकलेल्या होत्या. यंत्र आणि सॉफ्टवेअर कुठवर ताण सोसतात, एवढंच पाहायचं होतं. ‘संगणकात मेंदू तयार झाला’ अशा मथळ्यांवर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही.

मग वेळ जातो कशात? एका पेशीचं गणित तसं हातानेही करता येतं. १९५१मध्ये केंब्रिजचा संगणक मोठ्या फेरबदलांसाठी बंद होता, तेव्हा अँड्र्यू हक्सली यांनी हॉजकिन यांच्यासोबत मांडलेली समीकरणं हाताने फिरवायच्या यंत्रावर सोडवली. पाच मिलिसेकंदांच्या विद्युतस्पंदासाठी साधारण आठ तास, म्हणजे प्रत्यक्षाहून ५७ लाख पट हळू. नेस्टमधली पेशी त्याहून साधी असते: व्होल्टेज वाढतं, उंबरठा ओलांडला की स्पंद सुटतो, पुन्हा शून्यापासून सुरुवात.

खरी गोची सुटलेला स्पंद कुठे पोचवायचा, ही आहे. कोण कोणाला जोडलंय, किती जोराने, किती उशिराने, हे सगळं लिहून ठेवावं लागतं आणि के संगणकावर त्यासाठी सुमारे एक पेटाबाइट मेमरी खर्ची पडली. त्यातही नवलाची गोष्ट एका बिटची. जाळ्यातल्या प्रत्येक पेशीबद्दल प्रत्येक प्रोसेसर एक बिट राखून ठेवायचा: या पेशीचं माझ्याकडे काही काम आहे की नाही? आता संपूर्ण मेंदूचा हिशेब करा. ८,६०० कोटी बिट म्हणजे जवळजवळ ११ गिगाबाइट, तेही दर प्रोसेसरमागे. आणि के संगणकात प्रोसेसरमागे मेमरीच १६ गिगाबाइट! एका पेशीच्या जोडण्या साधारण दहा हजार धरल्या, तर ८३ हजार प्रोसेसरांपैकी निदान सत्तर हजारांचं उत्तर ‘नाही’ असणार. ‘नाही’ लिहून ठेवण्यातच जागा संपते.

२०१८मध्ये यावर तोड निघाली. कोणाचे स्पंद कोणाला हवेत, हे प्रोसेसर आता सुरुवातीलाच एकमेकांना सांगून टाकतात आणि तेवढंच पाठवतात. जर्मनीतल्या युलिश इथल्या ‘जुक्वीन’ महासंगणकावर ५२ कोटी पेशींच्या सेकंदाला आधी साडेअठ्ठावीस मिनिटं लागायची, ती सव्वापाचवर आली. तेच यंत्र, नवी शिस्त.

विजेचं मात्र विचारू नका. के संगणक पूर्ण भारावर १२ मेगावॉट खायचा, असं धरलं तर त्या चाळीस मिनिटांत ८,००० युनिट जळतात. महिना दोनशे युनिट वापरणाऱ्या घराचं हे चाळीस महिन्यांचं बिल. डोक्यातला अख्खा मेंदू सुमारे २० वॉटवर चालतो.

छोट्या तुकड्यांवर मात्र संगणकाने सेकंदाला गाठलं. मेंदूच्या बाह्यपटलाचा एक चौरस मिलिमीटर, म्हणजे सुमारे ७७ हजार पेशी आणि ३० कोटी जोडण्या. नेस्टवर याचा एक सेकंद आता एका सेकंदाच्या आत उरकतो, हे २०२२मध्ये प्रसिद्ध झालं. माणसाच्या बाह्यपटलात असे जवळपास दोन लाख चौरस मिलिमीटर असतात आणि त्यांना एकमेकांशी जोडणारे लांबचे धागे या हिशेबात धरलेलेच नाहीत.